अंत्यविधीच्या दिवशी छापावे

बाक्की, मंगळवार, ८ नोव्हेंबर १९८३

प्रिय भाऊ कोल्बेन,

पंचवीस वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे मी तुला काही लिहिलं नाही, आणि तूही कार्डावर सहीपलीकडे काही लिहिलं नाहीस. तेव्हा हे पाकीट पाहून दचकू नकोस. तुझ्या हृदयाला दचकणं चालत नाही, असं दाग्रून म्हणाली.

तिचा फोन आला होता. तू उठून बसलास, आणि हॉस्पिटलातलं सूप चाखून नर्सला म्हणालास की हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी. तुझी मुलगी सांगताना हसत होती. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला खुर्ची ओढून बसावं लागलं. बरं वाटलं, हे आधी लिहून ठेवतो. खरंच बरं वाटलं.

इकडे सगळं ठीक. मेंढ्या आत घेतल्या. डोंगरावर बर्फ धरायला लागलंय. घाट बंद झाला की टपालाची गाडी येत नाही, तेव्हा हे पत्र आजच देतो.

एक विनंती आहे. डॉक्टरांनी सांगितलं नसेल, पण हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने वर्तमानपत्र वाचू नये. डोळ्यांवर ताण येतो, तो छातीत उतरतो. इथल्या येन्सचं तसंच झालं होतं. निदान शनिवारचा अंक तरी हातात घेऊ नकोस. मृत्युलेखांची पानं तर अजिबात नको. तू आजारातून उठतो आहेस, मेलेल्यांचं वाचून काय करायचं?

घरी सोडलं तर फोन दाग्रूनलाच घेऊ दे. तू धावू नकोस.

तुझा भाऊ,
स्तुर्ला


बाक्की, शुक्रवार, ११ नोव्हेंबर

प्रिय कोल्बेन,

मागच्या पत्रात डोळ्यांचं लिहिलं ते खोटं. येन्स तर दारूने गेला.

झालं ते असं. तीस ऑक्टोबरला, रविवारी, दाग्रून फोनवर रडत होती. म्हणाली, बाबांना नेलंय, डॉक्टर म्हणतात फार तर दोन-तीन दिवस. रेडिओवर घाटात वादळ सांगत होते. तुला माहीत आहे आपल्याकडची रीत. माणूस पुरला जातो त्या दिवशी त्याच्यावर चार शब्द पेपरात आले नाहीत तर लोक म्हणतात, बिचाऱ्याला कोणी नव्हतं. माझे आजवर एकसष्ट लेख छापून आले. या खाडीतल्या प्रत्येक मढ्यावर मी लिहिलंय, आणि एकही लेख एका दिवसाने उशिरा गेलेला नाही. चार हिवाळे फिरत्या मास्तरांकडे शिकलेल्या माणसाला दुसरी कसली ऐट असणार? शब्द माझे बेताचेच. पण वेळ मी कधी चुकवली नाही.

त्याची युक्ती एकच. मी आधी लिहून ठेवतो. मेंढ्यांची कत्तल आटोपली की ऑक्टोबरात जिवंत माणसांवर लिहायचं, बिस्किटांच्या डब्यात ठेवायचं, आणि थांबायचं. माणूस गेल्यावर लिहायला बसलं की सगळेच चांगले वाटायला लागतात. सगळ्यांना हे माहीत आहे. पोस्टातली साल्वोर तिकीट लावता लावता विचारते, "काय रे स्तुर्ला, डब्यात आहे का मी?"

"आहेस."

"किती पानं?"

"दीड."

"दीडच? आणि त्या येन्सला तीन दिलीस! जन्मभर धक्क्यावर पडून होता तो!"

"त्याच्याबद्दल सांगण्यासारखं जास्त होतं, बाई."

तूही होतास डब्यात. बरीच वर्षं. मी तुझा लेख पाकिटात घातला, वर लिहिलं, 'अंत्यविधीच्या दिवशी छापावे', आणि मंगळवारच्या गाडीने पाठवून दिला. घाट बुधवारी बंद होणार होता. शुक्रवारी दाग्रूनचा फोन आला की तुला उकडलेला कॉड मासा हवाय आणि तोही लोणी घालून.

काल मी पेपरच्या कचेरीत फोन लावला. एक तरुण बाई होती.

"मृताचं नाव?"

"कोल्बेन. पण—"

"अंत्यविधी कधी आहे?"

"तसा नाही अजून."

"म्हणजे तारीख ठरायची आहे."

"तारीख ठरायची नाही. तो मेलेला नाही."

कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मग आजोबा, लेख कशाला पाठवलात?"

"वेळेत पोचावा म्हणून."

तिने फोनवर हात ठेवला असावा, तरी हसू ऐकू आलं. ती म्हणाली, मृत्युलेख बघणाऱ्या बाई सुट्टीवर आहेत, सोमवारी येतील. तारीख नसलेला लेख असला की त्या घरच्यांना फोन करून तारीख विचारतात. मी म्हटलं, घरच्यांना म्हणजे कुणाला? ती म्हणाली, "नंबर तुम्हीच लिहिलाय की कोपऱ्यात. किती छान अक्षर आहे तुमचं."

तो तुझ्या घरचा नंबर आहे, कोल्बेन. मी दाग्रूनसाठी लिहिला होता. दर वेळी लिहितो. मृताचा नंबर आपण मृतासाठी थोडाच लिहितो?

मी विनवलं, फोन करू नका, पाकीट मला परत पाठवा. ती म्हणाली, चिठ्ठी लिहून ठेवते. तिच्या आवाजावरून ती चिठ्ठी लिहिणारी वाटली नाही.

तर फोन आला तर घेऊ नकोस. आणि घेतलास तर लेख मागवू नकोस. त्यात नेहमीचंच आहे, जन्म, शाळा, कारखाना, स्वभाव. शेवटी एक पान जास्तीचं आहे. ते तू मेल्याशिवाय वाचायचं नाही.

लिहिलं आणि मलाच कसंतरी झालं. पण खोडत नाही, कागद फाटेल.

स्तुर्ला


बाक्की, मंगळवार, १५ नोव्हेंबर

कोल्बेन,

घाट बंद आहे. शुक्रवारचं माझं पत्र साल्वोरच्या पिशवीतच पडून आहे. आज मी ते मागायला गेलो होतो.

"दे ना ग. बंद पाकीट आहे, माझंच आहे."

"तिकिटावर शिक्का बसला की ते तुझं नाही."

"अग, चुकून टाकलं."

"स्तुर्ला, तुझा चेहरा बघ. कुणाला प्रेमपत्र लिहिलंस की काय, या वयात?"

तिने पिशवीची दोरी आवळली आणि वर बसली. शंभर किलोची बाई. मी परत आलो.

येताना विचार केला. कालचा सोमवार. त्या बाई सुट्टीवरून आल्या असतील. तू घरी आला असशील, आणि दाग्रून शाळेत शिकवायला गेली असेल, म्हणजे फोन तूच घेशील. मी कितीही पत्रं लिहिली तरी ती बर्फामागे अडकणार आणि ते पाकीट तिकडे मोकळं. तेव्हा ते पान तू परक्याच्या हातून वाचण्याआधी माझ्याकडून वाच, निदान मी आधी लिहिलं एवढं तरी माझ्या बाजूला राहील. 

आई गेली तो सत्तेचाळीसचा फेब्रुवारी. आपण दोघांनी तिच्यावर लिहिलं. तू गोठ्यात बसून लिहिलंस, कारण तिथं मेंढ्यांच्या उबेने शाई गोठत नव्हती. किनाऱ्याच्या बोटीला टपाल द्यायचं काम माझं होतं. तू पाकीट चिकटवलं नव्हतंस. म्हणालास, "तू मोठा आहेस, एकदा वाच. चुका असतील तर काढ."

मी वाटेत, खडकाच्या आडोशाला, वाचलं. माझ्या लेखात होतं की आई कष्टाळू होती, पाहुण्यांना विन्मुख पाठवत नसे, देवाला भिऊन होती. तुझ्यात देव कुठेच नव्हता. तू लिहिलं होतंस की आईला बसलेलं आम्ही कधी पाहिलं नाही, आणि तिच्या बुटांचे तळवे आम्हाला पहिल्यांदा ती गेली त्या दिवशी दिसले.

मी तिथेच बसून राहिलो. बोटीचा भोंगा झाला तरी उठवेना. चूक एकही नव्हती. मला एवढंच दिसत होतं की दोन्ही लेख शेजारीशेजारी छापून येणार आणि सगळी खाडी ते वाचणार, आधी माझा, मग तुझा. मी बोटीवर एकच पाकीट दिलं. स्वतःला सांगितलं, तुझं पुढच्या बोटीला देऊ, दोन आठवडे थांबल्याने आईचं काय बिघडतं? चांगल्या लिखाणाला घाई नसते, असंही म्हटलं. मला अशी वाक्यं वेळेवर सुचतात.

घरी आल्यावर तू विचारलंस, "दोन्ही दिलीस?"

"दिली."

पुढच्या बोटीने पेपर आला. तू धक्क्यावरच हातमोजा काढून पानं उलटत होतास. बोटं निळी पडली होती. एकदा उलटलीस, पुन्हा पहिल्यापासून उलटलीस.

"माझं नाही," म्हणालास.

"जागा कमी असते त्यांच्याकडे."

"नाही रे. त्यांना ते चांगलं वाटलं नसेल." आणि तू हसलास. ते हसू मी कोणाच्या लेखात घालू शकलो नाही.

तुझं पाकीट तेव्हा माझ्या कोटात होतं. त्याच बोटीने जाऊ शकलं असतं. पण लोक धक्क्यावर माझी पाठ थोपटत होते, आणि आता दिलं तर आधी का दिलं नाहीस हा प्रश्न येणार होता. घरी येऊन चुलीत घातलं. त्या वसंतात तू दक्षिणेला सिमेंटच्या कारखान्यात गेलास, आणि तुला पुन्हा लिहिताना मी पाहिलं नाही. मी मात्र लिहीत राहिलो. जागा रिकामी होती.

हेच ते पान. दर ऑक्टोबरात तुझा लेख काढून मी ते पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवत होतो. योग्य वेळेची वाट पाहतोय, असं म्हणत होतो. माझ्या हिशेबाने योग्य वेळ म्हणजे तू जमिनीखाली असण्याची.

उत्तर नको. निदान लगेच नको.

स्तुर्ला


बाक्की, शुक्रवार, २५ नोव्हेंबर

कोल्बेन,

परवा दुपारी फोन वाजला तेव्हा मी तीन वेळा वाजू दिला. मग घेतला.

"स्तुर्ला?"

मी रेडिओ बंद केला.

"मी मयत बोलतोय."

 आवाज बारीक झालाय तुझा, पण आपल्या बापासारखाच, आधी बोचकारून मग विचारपूस. तू जे सांगितलंस ते मी इथे पुन्हा लिहितो, कारण मला बघायचंय की मी ते नीट ऐकलं का.

पेपरच्या बाईंनी तुला विचारलं, कोल्बेन यांचा अंत्यविधी कधी? तू म्हणालास, त्याला विचारून सांगतो. मग तू दाग्रूनला कचेरीत पाठवलंस. त्या लेख देईनात, म्हणे लेखकाची परवानगी हवी. तर तू फोनवरून म्हणालास, "बाई, माझ्यावरचा आहे. माझ्याइतका जवळचा नातेवाईक मला दुसरा नाही." एवढं सांगून तू खोकत हसलास, आणि मला वाटलं झालं, सुटलो.

मग तू चुका काढायला लागलास. आपला घोडा तांबडा नव्हता, करडा होता. कारखान्यात तीस नाही, एकतीस वर्षं. "आणि 'शांत स्वभावाचा' हे काढ. मी शांत नव्हतो, गप्प होतो." मी खरंच पेन्सिल घेऊन टिपत होतो, कोल्बेन. 

"आणि ते शेवटचं पान?" मी कसंबसं विचारलं.

"वाचलं."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"बरं लिहिलंयस," तू म्हणालास. "तुझ्या एकसष्टांत तेवढं एकच पान वाचण्यासारखं आहे. पण बुटांचं राहिलं."

"कसल्या बुटांचं?" मी म्हटलं. मला कळलं होतं.

"अठ्ठावन्न साली कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एकाने पावाची पुडी सोडली. पुडीचा पेपर मी वाचत बसलो. आपल्या शेजारणीवर, गुद्लौगवर, माझ्या भावाचा लेख होता. ती गेली त्या दिवशी तिच्या बुटांचे तळवे आम्ही पहिल्यांदा पाहिले." तू पुन्हा खोकलास. "तोपर्यंत मला वाटत होतं की पेपरवाल्यांनी मला नाकारलं. अकरा वर्षं तेच वाटत होतं. त्या दिवशी कळलं की ते पान बोटीवर चढलंच नव्हतं."

"मग तेव्हाच विचारलं का नाहीस?"

"मागून घेतलेलं मला नको होतं. म्हटलं, सांगेल. बघू किती थांबतो."

तर आता बुटांचं. ते मी त्या पानातही लपवलं, आणि पंधरा तारखेच्या पत्रातही. तुझं वाक्य पत्रात मी असं उतरवलं की जणू तेवढंच आठवत होतं. मला सगळा लेख पाठ आहे. चुलीत घालण्याआधी मी तो पाठ केला होता. गुद्लौगवर लिहिताना कागद दोन दिवस कोरा राहिला, आणि तुझं वाक्य आपोआप उतरलं. आपोआप नाही. मी उतरवलं. चर्चमध्ये लोक रडले. पाद्र्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. आजही साल्वोर म्हणते, माझ्यावरही तसं एखादं वाक्य घाल.

आणि ते खरंही नव्हतं रे. गुद्लौग शेवटची नऊ वर्षं पाय वर करून खुर्चीत बसलेली होती. तिचे तळवे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले होते. कोणी बोललं नाही, एवढं चांगलं वाक्य होतं तुझं.

फोन ठेवताना तू म्हणालास, "आता मी लिहायला बसतो. तुझ्यावर. पेपरकडे पाठवून ठेवीन. तुला वाचायला मिळणार नाही."

"काय लिहिणार आहेस?"

"ते तू मेल्याशिवाय वाचायचं नाही," म्हणालास. म्हणजे अकरा तारखेचं पत्र पोचलं तर.

त्या दिवसापासून मला झोप नाही. मी एकसष्ट माणसांना झाकून-पाकून वाटेला लावलं. तू झाकणार नाहीस. तू कधीच झाकत नव्हतास, म्हणून तर ते चांगलं होतं. सगळी खाडी वाचेल, साल्वोर पोस्टात मोठ्याने वाचेल, आणि मी उत्तर द्यायला नसेन.

स्तुर्ला


बाक्की, मंगळवार, १३ डिसेंबर

प्रिय कोल्बेन,

तुझं तिसरं कार्ड आलं. साल्वोर आता कार्डं देण्याआधी वाचते आणि तसं सांगतेही. पहिल्यात तू विचारलंस, आई गेल्यावर तिची खोली कोणी झाडली? दुसऱ्यात, मी लग्न का केलं नाही? तिला दोन्हींची उत्तरं हवी आहेत. दुसऱ्याचं तर फारच हवंय.

दाग्रून सांगते, तू सकाळी खिडकीपाशी बसतोस आणि कोणाला खोलीत येऊ देत नाहीस. एक पान झालं की फाडतोस. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा तास म्हटलंय आणि तू दोन तास बसतोस. ती मला म्हणाली, "काका, त्यांना सांगा ना थांबायला." मी हो म्हटलं, आणि तसं सांगणार नाही. हे मी तिच्यापासून लपवलंय, तुझ्यापासून नाही.

माझी भीती आता उलटी झालीय. तू लेख पुरा केलास तर माझं काय होईल याने मी आधी घाबरायचो. आता वाटतं, तू मध्येच गेलास तर? किंवा मी आधीच गेलो, तू अजून पहिल्याच पानावर असताना, आणि त्या बाई तुला तारीख कळवत बसल्या तर? रात्री छातीत जरा धडधडलं की मी स्वतःलाच दटावतो, आत्ता नाही, त्याचं झालेलं नाही. घाटाकडे जातच नाही. मेंढ्यांना चारा घालायलाही काठी घेऊन जातो. चौऱ्याहत्तर वर्षांत इतकं जपून मी कधी वागलो नव्हतो.

तू कार्डावर विचारलंस, एकतीसच्या हिवाळ्यात मी बर्फात वाट चुकलो आणि तुम्ही कंदील घेऊन कुंपणापाशी हाका मारत होतात, तेव्हा मी ओ का दिली नाही? खाली लिहिलंस, 'खरं सांग. मला घाई नाही.'

सांगतो. मला तुमच्या हाका ऐकू येत होत्या. तुझी तर स्पष्ट येत होती. मी कुंपणाच्या पलीकडे वीस पावलांवर होतो. मी ओरडलो नाही, कारण मेंढरू माझ्या हातून हरवलं होतं आणि बाप रागावणार होता. म्हटलं, तो जरा शांत झाला की हाक देऊ. मग बाकीचे परत गेले, शेवटी तूही लांब गेलास, कंदील दिसेना, आणि मग ओरडून उपयोग नव्हता. सकाळी मला योग्य वाटलं तेव्हा मी आलो. तुम्हाला सांगितलं की वाऱ्यात काही ऐकू आलं नाही.

हे घाल लेखात. कुणालाच माहीत नाही.

तू विचारायचं राहिलं होतं, म्हणून सांगतो, तेव्हाही मी योग्य वेळेचीच वाट पाहत होतो. आणि तू अंधारात माझं नाव घेत होतास, एकटाच, बाकीचे परत गेल्यावरही. तेवढं मात्र तू लिहिणार नाहीस हे मला ठाऊक आहे. स्वतःबद्दल तू कधी लिहिलं नाहीस. म्हणून आज सकाळी तुझ्या लेखाची डब्यातली जुनी नक्कल काढून ते मी त्यात घातलंय, करडा घोडा आणि एकतीस वर्षांसकट. या पाकिटात आहे. जिवंतपणी वाच, आणि जे खोटं वाटेल त्यावर काट मार.

पुढचा प्रश्न पाठव.

तुझा भाऊ,
स्तुर्ला